वेताळाची शिलाई

पुसदला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे, गाडी दिग्रस, पुसद, उमरखेड करत जाणार आहे. जाईल तेव्हा जाईल. कॉमिक्सच्या गोष्टीत रेल्वे कशाला, असं वाटेल. पण ज्या मोठ्या गावाला स्टेशन, त्या गावाला फलाटावर व्हीलरचा स्टॉल, आणि मुंबईत किंवा दिल्लीत निघालेला अंक तिथं थोड्याच दिवसांत चिमट्याला लटकलेला. आम्हाला जवळची स्टेशनं वाशिम नि हिंगोली, दोन्ही अकोला-पूर्णा या तेव्हाच्या मीटरगेज लाइनवरची. तिथून पुढचा प्रवास एसटीच्या टपावरून. वाशिमकडून येणारा गठ्ठा आमच्याकडचा खंडाळ्याचा घाट ओलांडून यायचा, नागपूरकडचा पेपरांच्या गठ्ठ्यांसोबत यवतमाळमार्गे. त्यामुळं अंक नवा की जुना हे त्यावर छापलेल्या तारखेवरून आमच्याकडं ठरत नसे. गल्लीत कोणी वाचला नसेल तर तो नवा.

हे सगळं मी सांगतोय, कारण त्यातले पुष्कळसे अंक माझ्या हाताखालून गेले. माझा धंदा बाइंडिंगचा. बाबांचाही तोच. त्यांच्या काळात पुसदचं बाइंडिंग म्हणजे कापसाच्या अडतीचं बाइंडिंग: रोजमेळ, खतावणी, लाल कापडाच्या लांबट चोपड्या. दसरा-दिवाळीच्या आधी जेवायला फुरसत नाही आणि होळीनंतर हात रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत, शाळांच्या परीक्षा संपत आल्या की भाड्यानं कॉमिक्स देणारे दुकानदार गठ्ठे घेऊन यायचे. कापसाचा हंगाम सरला, आता वेताळाचा, असं बाबा म्हणायचे आणि खळ शिजायला ठेवायचे.

वेताळ पुसदात आला तो मराठी बोलत आला. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे, किंमत साठ पैसे. इंग्रजीच्या जोडीला हिंदी, मराठी, गुजराती आणि पुढं आणखी भाषांत ते निघत गेलं. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, डिसेंबर १९६३ मध्ये, आमच्या तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. बाबांच्या वयाची माणसं या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची: नाईकसाहेब मुंबईला गेले अन् मुंबईहून वेताळ आला. इतिहासाच्या दृष्टीनं याला काही अर्थ नाही, पण साल लक्षात ठेवायला सोपं.

मूळ वेताळ अमेरिकेतला. ली फॉकनं १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक काढला आणि १९३६ मध्ये हा फँटम. आपल्याकडं तो आधी इलस्ट्रेटेड वीकलीतून इंग्रजी वाचणाऱ्या घरांत पोचला होता. इंद्रजालनं त्याला साठ पैशांत सगळ्यांच्या हातात दिला. देताना थोडी डागडुजीही केली. मुळातला बेंगाला देश इथं डेंकाली झाला, म्हणजे बंगालची आठवण नको. सिंग चाच्यांची टोळी सिंगा झाली, म्हणजे कुणा सिंगाला राग नको. पानांचा आकडा ठरलेला असल्यामुळं कथेला कात्री लागायची ती वेगळीच. मला हा नावांचा बदल शहाणपणाचा वाटतो. मात्र मूळ कल्पना आज वाचताना घशाखाली उतरत नाही: एका गोऱ्या घराण्यानं शतकानुशतकं जंगलातल्या काळ्या माणसांचा न्याय करायचा आणि त्यांनी त्याला देव मानायचं. लहानपणी हे खुपलं नाही, त्याला आमच्याकडं एक कारणही होतं. माझ्या वर्गात बंजारा तांड्यावरून येणारी पोरं पुष्कळ. त्यांच्यातल्या एकानं वेताळाची बापाकडून पोराकडं जाणारी गादी वाचली आणि सरळ निकाल दिला, "हा त काही भूत नाही, हा तांड्याचा नाईक हाये." तांड्याचं नायकपण घराण्यात चालत येतं, भांडणं त्याच्यासमोर तुटतात, त्याचा शब्द अखेरचा. वेताळाचा याहून चांगला खुलासा मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

इंद्रजालच्या कामात टाइम्समध्ये असलेले अनंत पै तिथून बाहेर पडले आणि १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसकडून अमर चित्र कथा सुरू झाली. ती घरात उघड वाचता यायची. वेताळ भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचावा लागे. अमर चित्र कथेबद्दल माझं मत चांगलं आहे, पण तिचा शेवट आधीच ठाऊक असायचा, आणि भाड्याच्या धंद्यात ते जड जातं. कृष्ण कंसाला मारणार हे कळायला कोण पैसे मोजेल?

आता अंक बाइंडरच्या डोळ्यांनी पाहा. मधोमध दोन पिना. भाड्याच्या दुकानात तो थोडा फिरला की पहिल्यांदा मधलं जोडपान सुटतं. मग पिना गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग दोन्ही बाजूंच्या पानांवर उतरतो. पिना नखानं उपटल्या तर कागद फाटतो, म्हणून बोथट सुरीच्या टोकानं त्यांचे पाय आधी सरळ करायचे आणि मग पाठीकडून ओढायच्या. सुटलेल्या पानांच्या घडीला आतून पातळ कागदाची पट्टी चिकटवायची. वाळली की दाभणानं घडीवर तीन भोकं. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवायचा, म्हणजे दोरा कागद कापत नाही. मग मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि पाठीवरच्या लांब टाक्याला कवेत घेऊन गाठ. ही शिलाई उघडते तेव्हा अंक पूर्ण सपाट पडतो. चित्रांच्या पुस्तकाला हे फार महत्त्वाचं.

दुकानदारांना मात्र बाजूची शिलाई हवी असायची. पाच-सहा अंक एकावर एक ठेवायचे, कडेनं दाभण आरपार घालायचं, पाठीला कापड, वरखाली पुठ्ठा. काम झटपट, मजुरी कमी. पण अशा शिलाईत आतला समास शिलाईखाली जातो आणि इंद्रजालला समास होताच किती! उजव्या पानावर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गडप. "वेताळ" चं "ताळ" आणि "थांब" चं नुसतं "ब". बाबा अशा कामाला नाही म्हणायचे नाहीत, पैसे कोणाला नको असतात, पण गठ्ठा देताना दुकानदाराला ऐकवायचे, "भाऊ, हे वाचासाठी नाही, मोजासाठी शिवलं."

दुकानदाराचंही एक गणित असायचं, आणि ते मला मोठं झाल्यावर समजलं. मे महिन्यात सुटे अंक फायद्याचे, कारण सहा अंक एकाच वेळी सहा पोरांच्या हातात असतात आणि सहाही पैसे देतात. बांधलेला खंड एकच पोरगं घेऊन बसतं. उलट शाळा सुरू झाल्या की गिऱ्हाईक तुटतं, तेव्हा खंड बरा: शनिवारी घरी नेला, सोमवारी आणला, भाडं एकरकमी आणि सुटे अंक हरवायची भीती नाही. म्हणून तेच अंक चैत्रात उसवायचे आणि मृगानंतर पुन्हा शिवायचे. एवढं उसवणं-शिवणं सोसून जे अंक टिकले, ते आजही एखाद्या माळ्यावर निघतात, आणि पाठ पाहिली की ते काम कुणाच्या हातचं ते मी ओळखतो.

खळ मैद्याची. झुरळ-कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद पडायचं. आई त्यावरून बाबांशी भांडायची, कारण पोरं बोट जिभेला लावून पान उलटतात. बाबांनी मोरचूद पाठीच्या कापडापुरतंच ठेवलं, आतल्या पट्ट्यांना साधी खळ. आतल्या पट्ट्या कसरीनं खाल्ल्या, पण पोरं शाबूत राहिली.

मुखपृष्ठांवर मात्र बाबांचा जीव होता. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली. आतली चित्रं परदेशी पट्ट्यांची कापलेली-जोडलेली, कुठं डोकं चौकटीबाहेर, कुठं रंग रेषेबाहेर; पण वरचं चित्र इथल्या चित्रकारानं अंकासाठी मुद्दाम केलेलं. खाकी कागदाचं वेष्टन घातलं की ते झाकलं जायचं. मग बाबा मूळ मुखपृष्ठ सोडवून पुठ्ठ्यावर डकवायचे. त्याचे जास्तीचे पैसे कोणी दिले नाहीत.

भाड्याचे अड्डे गांधी चौकाच्या वाटेवर आणि एसटी स्टँडच्या आसपास होते. एखादी बाज, वर दोरीला लटकवलेले अंक, मागं कोणाच्या तरी दुकानाची सावली. तिथंच बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर चार आणे आणि डिपॉझिट. बहुतेक पोरं तिथंच बसणारी. आता नव्या अंकावर मत द्यायची जी पद्धत पुसदात होती ती या बाजेवरची. अंक परत करताना तो हातात तसाच धरून, पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायचं. "घेऊ नको बे, शेवटी नुसता धूर हाये." "पहिले चार पानं सोडून दे, मंग मजा हाये." "मँड्रेक पुन्हा हातच हलवून राहिला, दुसरं काही येतच नाही त्याले." दहा पैसे देणारा माणूस स्पष्ट बोलतो. विकत घेतलेल्या अंकाला वाईट म्हणणं अवघड जातं, कारण तो घरात पडून असतो आणि बाप विचारतो. भाड्याच्या अंकावर बोलायला काही अडचण नाही. दुकानदार वरवर चिडायचा, पण त्याचे कान उभे असायचे. अकोल्याला पुढच्या गठ्ठ्याची मागणी देताना याच बोलण्यावरून तो काय मागवायचं, काय नाही, ते ठरवायचा.

बाजेवर सगळ्यात जास्त वाद बहादूरवरून झाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो इंद्रजालसाठी लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. मुखपृष्ठं रंगवणारे बी. गोविंद ते हेच. भगवा कुर्ता, खाली जीन्स, बाप दरोडेखोर आणि त्या बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेला पोरगा. गावागावांतल्या लोकांना एकत्र करून नागरिकांचं दल उभारणारा. माझ्या मते इंद्रजालनं केलेलं सगळ्यात धाडसाचं काम हेच. वेताळाला लोक लागत नाहीत, बहादूरला लोकांशिवाय जमत नाही. पण बाजेवर ही बाजू नेहमी हरायची, कारण त्याच्याकडं मुखवटा नव्हता. मुखवटा नाही तर दहा पैसे कशाचे? (हेच आबिद सुरती २००७ पासून मुंबईजवळच्या मीरा रोडला घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरू लागले. आमच्याकडच्या माळपठारावरच्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला विचारलं तर मुखवट्याविना सुपरहिरो कोण, हे तो लगेच सांगेल.)

१९८१ पासून इंद्रजाल साप्ताहिक झालं, किमती वाढत गेल्या, आणि १९९० मध्ये आठशेच्या वर अंक काढून ते बंद पडलं. पण बाजेवर ते त्याच्या आधीच मागं पडलं होतं. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. मी तेव्हा दुकानात बाबांच्या हाताखाली बसायला लागलो होतो. गठ्ठा सोडला आणि वरच हिरव्या अंगाचा, खवल्यांचा माणूस. बाबांनी आतलं श्रेयनामाचं पान पाहिलं. लेखक परशुराम शर्मा, चित्रं प्रताप मुळीक. "हा आपलाच माणूस दिसते," बाबा म्हणाले. होताच. पुण्याचे प्रताप मुळीक, अमर चित्र कथेचे नावाजलेले चित्रकार. दिल्लीच्या प्रकाशकाचा, हिंदी बोलणारा, अतिरेक्यांना विकण्यासाठी प्रोफेसर नागमणीनं बनवलेला आणि बाबा गोरखनाथांनी सोडवलेला हा नायक पुण्यातल्या हातानं उभा राहिला. पुढंही संजय अष्टपुत्रे, विठ्ठल कांबळे, मिलिंद मिसाळ अशी नावं त्या पानावर दिसत राहिली. राज कॉमिक्सच्याच भोकाल या नायकाच्या अंकांवर कदम स्टुडिओ. हिंदी पट्ट्यातली एक पिढी ज्या चित्रांवर वाढली, त्यातली बरीच चित्रं मराठी माणसांनी काढलेली आहेत आणि त्यात मराठी अक्षर एकही नाही.

याची हळहळ मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही. पुसदच्या पोराला हिंदी परकी नव्हतीच. घरी गोरमाटी किंवा वऱ्हाडी, शाळेत मराठी, बाजारात दखनी वळणाची हिंदी, टॉकीजमध्ये बच्चनची हिंदी. नागराजला भाषा आडवी आली नाही. पण मराठीत असं काही का निघालं नाही, हा प्रश्न उरतो. मला त्याचं उत्तर धंद्यात दिसतं. आपलं बालसाहित्य अक्षरांचं. १९५२ पासून मद्रासहून येणारा मराठी चांदोबा, १९७१ पासून बालभारतीचा किशोर, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे: सगळ्यांत चित्रं आहेत, पण गोष्ट शब्दांनी चालते. मराठी प्रकाशकाची भिस्त वाचनालयांच्या खरेदीवर आणि दिवाळीवर. वाचनालयाच्या कपाटात कॉमिक्सला जागा नव्हती, आणि जिथं कॉमिक्स खरोखर जगत होतं त्या बाजेकडं मराठी प्रकाशक कधी फिरकलाच नाही. तमिळमध्ये बघा. शिवकाशीहून १९७२ मध्ये मुत्तू कॉमिक्स निघालं, पुढं त्याच घरातून लायन कॉमिक्स, आणि परदेशी नायकांचे तमिळ अंक तिथून आजही निघतात. शिवकाशीत छापखाने घरचे, कागद-शाईचा भाव माहितीचा, आणि वाचक लहानपणापासून धरलेला. आपल्याकडं वाचक होता. इंद्रजालच्या मराठी वेताळानं तो तयार करून ठेवला होता. त्याला पुढचा अंक मराठीत मिळाला नाही एवढंच.

१९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव आला आणि मी नागराजला सोडून त्याचा झालो. अनुपम सिन्हा यांचा ध्रुव. पहिला अंक "प्रतिशोध की ज्वाला". ज्युपिटर सर्कस जळते, आई-बाप जातात, पोरगं उरतं. अंगात कसली शक्ती नाही. मोटरसायकल, कसरत, पशुपक्ष्यांची बोली आणि डोकं. त्या एका अंकात सगळं आलंय: कोण, कुठला, कशासाठी. आधीचं काही ठाऊक असायची गरज नाही, पुढचं वाचायची इच्छा मात्र होते. नव्वदच्या दशकात डोगा आला, कुत्र्याचा मुखवटा घातलेला, मुंबईचा. त्याचा "कर्फ्यू" हा पहिला अंक मी शिवता शिवता वाचला आणि खळ वाळून गेली. डोगाबद्दल माझं मत कधीच स्थिर झालं नाही. तो न्यायाधीशही स्वतः आणि जल्लादही स्वतः; मुंबईच्या माणसाला ते पटत असेल, मला त्याची जरा भीतीच वाटते.

राज कॉमिक्सच्या अंकांत ग्रीन पेज असायचं. त्यात संपादकांचं बोलणं आणि वाचकांची पत्रं, पत्राखाली गावांची नावं. बाजेवरचं बोलणं पहिल्यांदा छापील झालं ते तिथं. आमच्यातल्या पोरांनी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांवर मतं लिहून पाठवली, मीही पाठवली. हिंदीत. "नागराज को ज्यादा बोलना नहीं चाहिए" असल्या सूचना. बाजेवर वऱ्हाडीत चार शब्दांत सांगून मोकळं होणारं पोरगं पोस्टकार्डावर एकदम आदरणीय संपादक महोदय झालं. मत तेच, पण धार गेली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. केबल आलं, १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला, बाजेवाल्यांनी आधी व्हिडिओ कॅसेट, मग व्हीसीडी, मग मोबाइलचं रिचार्ज असे धंदे बदलले. भारनियमनात टीव्ही चालत नसे, पण अंधारात वाचताही येत नसे, त्यामुळं तेही कॉमिक्सच्या कामी आलं नाही. अंक रद्दीत किलोनं गेले. काही मी वाटेतच अडवले.

मी आजही नवे अंक मागवतो. आता ते कुरियरनं येतात, पुण्याला ज्या दिवशी पोचतात त्याच्या एखाद-दोन दिवस मागंपुढं. खंडाळ्याच्या घाटानं घातलेला उशीर संपला. राज कॉमिक्सचं घर भावाभावांत वाटलं गेलं आणि एकाच नागराजचे वेगवेगळ्या छापांचे अंक निघू लागले. फँटमही हिंदी-इंग्रजीत पुन्हा छापला जातोय. जुने अंक जाड पुठ्ठ्यात, संग्राहकांसाठी म्हणून. बाइंडर म्हणून सांगतो, यातले काही फार देखणे आहेत. पण एक जाडजूड अंक मी उघडला तो मध्यावर कट्ट असा आवाज करून पाठीतून फुटला. शिलाई नव्हतीच, नुसता गरम गोंद. चकचकीत कागद घडीवर तडकतो, खळ धरत नाही, आणि ट्यूबलाइटखाली वाचायला बसलं की अर्ध्या पानावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. जुन्या कागदाला हजार दोष, पण त्याच्यावर उजेड थांबायचा. रंगांचंही तेच. संगणकावर भरलेले रंग गर्द होत होत काळ्याकडं गेलेत; रात्रीच्या प्रसंगात ध्रुवचा पिवळा-निळा पोशाखसुद्धा शोधावा लागतो.

याहून मोठी तक्रार गोष्टीबद्दल आहे. २००७ ते २००९ मध्ये अनुपम सिन्हांची "नागायण" मालिका आली. रामायणाचा सांगाडा घेऊन नागराज, ध्रुव, विसर्पी आणि क्रूरपाशा यांना त्यात बसवलेलं. ती मी अंकागणिक वाट पाहून वाचली. त्यानंतर ध्रुवचं "बालचरित" आलं. चित्रं उत्तम, पण सर्कशीच्या आगीमागं गूढ, आई-बापांच्या मागं आणखी गूढ. जळालेली सर्कस मला पुरेशी होती. "सर्वनायक" मालिकेत तर इतके नायक एका पानावर उभे राहतात की त्यांची मागची वीस-पंचवीस वर्षं पाठ नसतील तर कोण कोणाला का मारतोय हे कळत नाही. नवे अंक जुन्या वाचकांसाठी लिहिलेले आहेत. ते विकत घेणारे माझ्यासारखे, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, पगार किंवा गल्ला असलेले. दहा पैशांचा वाचक हिशेबातच नाही. आणि विकत घेणारा, मघाशी म्हटलं तसं, वाईट म्हणत नाही. घेतलेल्या अंकाचा फोटो काढतो आणि कपाटात ठेवतो.

मराठीचं खातं अगदीच कोरं नाही. २०१५ मध्ये श्रेयस तळपदेचा "बाजी" हा मराठी सुपरहिरोपट आला. २००४ मध्ये मुंबईतल्या पवित्र प्रभाकरचा भारतीय स्पायडरमॅन इंग्रजी कॉमिक्समध्ये आला होता. तोच २०२३ च्या "अक्रॉस द स्पायडरव्हर्स" मध्ये पडद्यावर आला आणि तो सिनेमा आपल्याकडं ज्या दहा भाषांत लागला त्यात मराठी होती. वेताळानंतर इतक्या वर्षांनी परदेशी मुखवटा पुन्हा मराठी बोलला. पण सिनेमात. कॉमिक्सच्या पानावर नाही.

कापसाच्या चोपड्या गेल्या, कॉम्प्युटर आला. आता माझं पोट इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टांवर चालतं: काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि विद्यार्थ्याला ते नेहमी उद्या सकाळी हवं असतं. पोरं दुकानात ताटकळत बसतात. त्यांना वाचायला मी नवे अंक बाकावर ठेवतो, भाडं नाही. अट एकच, जाताना मत सांगायचं, मोठ्यानं. परवा एक पोरगा जवळजवळ तासभर वाचत बसला. रिपोर्ट घेतला, पैसे दिले आणि म्हणाला, "काका, चित्र एक नंबर. पण या हिरव्याले एवढा राग कायचा आला, हे मागच्या कोणत्या अंकात हाये?" मी वरच्या फळीवरून मागचे अंक काढून दिले, तर म्हणे याच्याही मागचे पाहिजेत. तेही दिले. नेलेत सगळे. डिपॉझिट घेतलं नव्हतं.